जे. जे. रुग्णालय, १९८६ : ग्लिसरिनच्या पिंपात काय होतं?

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. ज्या दुखण्यासाठी ते भरती झाले होते त्याने ते गेले नाहीत. त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. मेंदूतला किंवा डोळ्यातला वाढलेला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरिन पाजलं गेलं होतं. त्या ग्लिसरिनचं पृथक्करण झालं तेव्हा त्यात आकारमानाने १८.५ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी औद्योगिक द्रव निघाला. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, अहवाल आला, मंत्रालयापासून प्रयोगशाळांपर्यंत ताशेरे ओढले गेले.

महाराष्ट्रात हे प्रकरण भ्रष्टाचाराचं म्हणून आठवलं जातं, आणि ते तसं होतंच. पण कच्चा माल तपासणं हीच ज्यांची नोकरी, त्या माझ्यासारख्यांना ते आणखी एका बाजूने दिसतं. ग्लिसरिन ज्या गुणांमुळे इतक्या धंद्यांत वापरलं जातं, नेमके तेच गुण त्यातल्या भेसळीने उचललेले असतात. त्यामुळे डोळा, नाक, जीभ, बोट यांपैकी काहीही कामाला येत नाही. मोजावंच लागतं. आणि मोजणं काही फार महागही नव्हतं.

आधी हा पदार्थ

तेल, तूप, चरबी काहीही घ्या, रेणूची घडण सारखीच. ग्लिसरिनच्या एका रेणूला तीन मेदाम्लं जोडलेली. साबण करताना कॉस्टिकने ही जोडणी तुटते, मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरिन खालच्या खारट पाण्यात उतरतं. साबणाच्या कारखान्यात त्याला स्पेंट लाय म्हणतात. दुसरी वाट म्हणजे तेलात दाबाखालची तापलेली वाफ सोडून ते फोडायचं. मग मेदाम्लं वर तरंगतात आणि खाली स्वीट वॉटर उरतं. तिसरी वाट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठी झाली: बायोडिझेल. कुठल्याही वाटेने गेलात तरी शंभर किलो तेलामागे ढोबळमानाने दहा किलो ग्लिसरिन पदरात पडतं. स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑलिव्हचं तेल आणि शिशाचं ऑक्साइड एकत्र तापवून ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेव्हा त्याचंही पहिलं लक्ष गेलं ते त्याच्या गोडीकडे.

कच्चं ग्लिसरिन दिसायला काही प्रसन्न नसतं. पिवळट-तपकिरी, मीठ आणि पाणी असलेलं, वर थोडा साबणाचा आणि मेदाचा अंश. बायोडिझेलचं असेल तर मिथेनॉलही. ते शुद्ध करायला उर्ध्वपातन करावं लागतं, पण साध्या दाबाखाली ते २९० अंशांना उकळतं आणि तिथे पोहोचेपर्यंत विघटित व्हायला लागतं. विघटनातून ॲक्रोलिन निघतं. कढईतलं तेल धुरावलं की डोळ्यांना जे झोंबतं त्यात हेच असतं. म्हणून हवा काढून, निर्वातात, कमी तापमानाला ते ऊर्ध्वपातित करायचं, मग कोळशावरून गाळून रंग आणि वास काढायचा. हाती येतो तो पाण्यासारखा नितळ, बिनवासाचा, गोड, जड द्रव.

जड म्हणजे किती? घनता १.२६. दोनशे लिटरच्या पिंपात अडीचशे किलो माल मावतो, आणि बाजारात पिंपाचं वजन सांगतात तेही तेच. चिकटपणा २० अंशांना पाण्याच्या सुमारे चौदाशे पट. पाण्यात कितीही मिसळा, मिसळतं. तेलात मात्र मुळीच नाही, जरी आलेलं असलं तेलातूनच. गोठणबिंदू १८ अंशांच्या आसपास आहे, तरी नागपूरच्या कडाक्याच्या थंडीतही गोदामात गोठलेलं पिंप सहसा दिसणार नाही, कारण ते गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहतं. आणि ते हवेतलं पाणी ओढतं. झाकण उघडं राहिलं तर वजन कमी होण्याऐवजी वाढतं.

हे सगळं त्याच्या तीन हायड्रॉक्सिल गटांचं, म्हणजे रेणूवरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन जोड्यांचं, देणं. पाण्याशी सलगी, एकमेकांना घट्ट धरून राहणं, बाष्प न होणं, आणि ज्याला तीन हात आहेत त्याने तीन बाजूंना जोडणी करणं. उद्योगातले बहुतेक उपयोग यांतूनच निघतात. टूथपेस्ट ट्यूबच्या तोंडाशी सुकत नाही, तंबाखू भुगा होत नाही, केक चार दिवस मऊ राहतो, क्रीम लावल्यावर कातडी ओढत नाही: हे सगळं पाणी धरून ठेवण्याचं काम. ऑइलपेंटमधलं अल्किड रेझिन आणि गादीच्या फोमचं पॉलिऑल ही तीन हातांची कामं. नायट्रिक आम्लाबरोबर नायट्रोग्लिसरिन होतं. १८४७ मध्ये सोब्रेरो यांनी ते केलं आणि नोबेल यांनी ते किसलगुर मातीत मुरवून १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं. तोच रेणू छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळीतही असतो. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी ग्लिसरिन कमी पडलं तेव्हा जर्मनीने साखर आंबवून ते काढलं.

आपल्या घरात त्याची ओळख वेगळीच. गुलाबपाण्यात मिसळून थंडीत हातापायांना, बोरॅक्स घालून तोंड आल्यावर, आणि खोकल्याच्या औषधात. खोकल्याच्या औषधातलं त्याचं काम म्हटलं तर दुय्यम: औषध विरघळवणं, द्रव दाट करणं, कडवटपणा झाकणं. औषध म्हणून ते तिथे नसतं. यामुळेच कारखान्यात त्याच्याकडे औषधाच्या नजरेने कुणी पाहत नाही. मूळ औषधाचे पाच-दहा किलो आले तर कुलूपबंद खोलीत जातात. ग्लिसरिनची पिंपं शेडमध्ये, कॉस्टिकच्या पलीकडे उभी.

एक गोष्ट मात्र या प्रकरणासाठी नीट लक्षात घ्यायला हवी. अल्किडच्या केटलला ग्लिसरिन ९५ टक्के आहे की ९९.५, त्यात आणखी कुठला ग्लायकॉल आहे का, याने फारसा फरक पडत नाही. रोग्याला पडतो. म्हणून एकाच पदार्थाचे दोन बाजार आहेत: औद्योगिक दर्जाचा आणि औषधकोशातला (औषधांचे दर्जे ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथातला), म्हणजे आय. पी. किंवा इंडियन फार्माकोपिया शिक्क्याचा. दोन्ही पिंपं शेजारी ठेवली तर फरक लेबलावर असतो. आत पाहून काही कळत नाही.

रुग्णालयात ग्लिसरिन का पाजतात

डोक्याला मार, गाठ, झटका अशा कारणांनी मेंदूला सूज येते. कवटी पसरत नाही, त्यामुळे दाब वाढतो. काचबिंदूच्या तीव्र झटक्यात डोळ्यातही असंच होतं. अशा वेळी रक्तात असा पदार्थ वाढवायचा की त्याच्या ओढीने ऊतींमधलं पाणी रक्तात येईल. ग्लिसरिन हे काम करतं, तेही तोंडाने पाजून. पुढे मॅनिटॉलच्या सलाइनने ही जागा बरीचशी घेतली, पण ऐंशीच्या दशकात तोंडाने दिलेलं ग्लिसरिन हा स्वस्त आणि रुळलेला उपाय होता. फळांच्या रसात मिसळून देत, कारण एवढं गोड नुसतं प्यायला माणूस मळमळतो.

इथे मात्रा पाहा. खोकल्याच्या औषधाच्या चमच्यातून पोटात जाणारं ग्लिसरिन म्हणजे ग्रॅम-दोन ग्रॅम. दाब उतरवायला लागतं ते शरीराच्या दर किलोला साधारण एक ते दीड ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एका वेळी किमान साठ ग्रॅम, म्हणजे पन्नास मिलिलिटरच्या आसपास. त्यात १८.५ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असेल तर प्रत्येक मात्रेबरोबर नऊ मिलिलिटर पोटात जातं. दिवसातून चार वेळा दिलं तर छत्तीस. दोन दिवसांत सत्तरच्या पुढे. या विषाची मारक मात्रा साधारणतः दर किलो वजनामागे एक मिलिलिटरच्या आसपास धरतात, म्हणजे आपल्या या माणसासाठी साठ. हा हिशेब मी कागदावर मांडला आहे, कुणा एका रुग्णाचा नाही. पण भेसळीचं तेच पिंप खोकल्याच्या औषधात गेलं असतं तर परिणाम दिसायला जो वेळ लागला असता, तो इथे का लागला नाही, हे त्यातून समजतं.

डायएथिलीन ग्लायकॉल

हा पेट्रोकेमिकलचा माणूस. एथिलीन ऑक्साइडपासून मोनोएथिलीन ग्लायकॉल बनवताना सोबत निघतो. पॉलिएस्टर रेझिन, ब्रेक ऑइल, छपाईची शाई, नैसर्गिक वायू सुकवणं अशी त्याची कामं. नितळ, जवळपास बिनवासाचा, चवीला गोडसर, जाडसर, पाण्यात पूर्ण विरघळणारा आणि पाणी ओढणारा. ग्लिसरिनच्या वर्णनातून उचलल्यासारखं वाटतं ना? घनता मात्र १.१२, उत्कलनबिंदू २४५ अंश.

तेलातून, चरबीतून ग्लिसरिन काढण्याच्या कोणत्याही वाटेवर डायएथिलीन ग्लायकॉल तयार होत नाही. मीठ राहू शकतं, मेदाम्ल राहू शकतं, मिथेनॉल राहू शकतं. सीओएवर, म्हणजे मालाच्या तपासणी दाखल्यावर, ‘एमओएनजी’ म्हणून जो आकडा छापतात, म्हणजे ग्लिसरिन सोडून बाकीचा सेंद्रिय भाग, त्यात मीठ सोडून हे अंश येतात. डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं तर त्याचा अर्थ शुद्धीकरण कमी पडलं असा होत नाही. कुणीतरी ते ओतलं, किंवा तेच पिंप, तोच टँकर, तीच नळी आधी त्यासाठी वापरली गेली. आणि १८.५ टक्के म्हणजे नळीत राहिलेला थेंब नव्हे. पाचव्या हिश्श्याच्या आसपासचा माल दुसराच होता.

शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं. मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी ते मारतं. आधी मळमळ, उलट्या, पोटदुखी, गुंगी. मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होते, नंतर थांबते. जे यातून वाचतात त्यांच्यातल्या काहींना पुढे चेहऱ्याचा किंवा हातापायांचा पक्षाघात होतो. आता हेच लक्षणांचं चित्र मेंदूवर उपचार चाललेल्या रुग्णावर ठेवून पाहा. उलट्या आणि गुंगी त्याला आधीपासूनच असतात. दाब वाढलाय म्हणून ग्लिसरिन, आणि ग्लिसरिनने लक्षणं वाढली की दाब अजून वाढलाय असं वाटून आणखी ग्लिसरिन देण्याची पाळी येऊ शकते. संशय घ्यायला जागा उरते ती फक्त लघवीत. वेगवेगळ्या रोगांचे, वेगवेगळ्या खाटांवरचे रुग्ण सारख्याच पद्धतीने मूत्रपिंड गमावताहेत, ही जोडणी कुणीतरी करावी लागते. जे. जे.त ती झाली तोपर्यंत चौदा गेले होते.

साध्या चाचण्यांनी काय सांगितलं असतं

मी वर म्हटलं की मोजणं महाग नव्हतं. ते आकड्यांत दाखवतो, कारण या प्रकरणावर बोलताना ‘त्या काळी आधुनिक यंत्रं कुठे होती’ असं ऐकू येतं.

शुद्ध ग्लिसरिनची घनता २० अंशांना १.२६१, डायएथिलीन ग्लायकॉलची १.११८. आकारमानाने १८.५ टक्के मिसळलं, आणि मिसळताना आकारमान बदललं नाही असं धरलं, तर मिश्रण येतं १.२३५ च्या जवळ. हायड्रोमीटर घेऊन बसलेला मुलगाही हा फरक पाहू शकतो. पण त्याला काय वाटेल? पाणी मिसळलेल्या ग्लिसरिनच्या तक्त्यात १.२३५ च्या समोर सुमारे ९० टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे निष्कर्ष निघेल ‘मालात दहा टक्के पाणी आहे’. पाणी ही ग्लिसरिनची नेहमीची खोड. झाकण सैल असेल, पावसाळ्यात आलेलं असेल. माल नाकारला जाईल किंवा, खरेदीवाल्याचा दट्ट्या असेल तर, भाव पाडून घेतला जाईल. विष आहे असं कुणाच्या मनातही येणार नाही.

आता रिफ्रॅक्टोमीटर लावा, म्हणजे द्रवातून जाताना प्रकाश किती वाकतो ते मोजा. ग्लिसरिनचा अपवर्तनांक १.४७४, दुसऱ्याचा १.४४७. मिश्रण येतं १.४६९ च्या आसपास. पाण्याच्या तक्त्यात त्यासमोर असतं ९७ टक्के.

घनता म्हणते नव्वद, अपवर्तनांक म्हणतो सत्त्याण्णव. ग्लिसरिन आणि पाणी एवढंच असतं तर दोन्ही आकडे जुळले असते. ते जुळत नाहीत, याचा अर्थ पिंपात तिसरं काहीतरी आहे. दोन्ही उपकरणं कुठल्याही बरणीवाल्या प्रयोगशाळेत असतात, दोन्ही वाचनं मिळून दहा मिनिटांची. वर कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजलं असतं तर ते जवळपास शून्य निघालं असतं आणि दहा टक्क्यांचा हिशेब उघडा पडला असता.

चिकटपणाचं सांगायचं तर, माझ्या अंदाजाने या मिश्रणाचा चिकटपणा शुद्ध ग्लिसरिनच्या निम्म्याच्या आसपास आला असता. निम्मा म्हणजे खूप वाटतं. पण शुद्ध ग्लिसरिनही २० अंशांवरून ३० वर नेलं की निम्म्याहून पातळ होतं. मुंबईत सकाळी ओतलेलं आणि दुपारी ओतलेलं ग्लिसरिन हाताला वेगळं लागतं. त्यामुळे ‘आम्ही रोज हाताळतो, आम्हाला कळतं’ या अनुभवी माणसाच्या बोलण्याला इथे काडीची किंमत नाही.

नेमकं उत्तर हवं असेल तर टीएलसी, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. सिलिका लावलेली पट्टी, तळाशी पेन्सिलीची रेघ, रेघेवर तीन ठिपके: शुद्ध ग्लिसरिन, शुद्ध डायएथिलीन ग्लायकॉल आणि मधला आलेला नमुना. द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतो. ग्लिसरिन सिलिकाला धरून खालीच रेंगाळतं, दुसरा हलका सुटतो आणि वर जातो. पट्टी सुकवून पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारायचा. जांभळ्या पार्श्वभूमीवर पिवळे ठिपके उमटतात. मधल्या रांगेत दोन ठिपके आले की पिंप बाजूला. १८.५ टक्के तर लांबूनही दिसलं असतं. हे तंत्र १९८६ मध्ये जुनं झालं होतं. माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत किंवा कुठल्याही बी. एस्सी.च्या प्रयोगशाळेत पोरं रंगांचे ठिपके वेगळे करत होती ते याच पट्टीवर.

मग पिंप आत आलं कसं

रुग्णालयाने मागवलं होतं औषधी ग्लिसरिन. जे पोहोचलं ते उद्योगाच्या वापराचं, आणि तेही भेसळीचं. मध्ये व्यापारी होते. कुणाचा परवाना, कुणाचं लेबल, कुणाचा तपासणी दाखला, असे कागद एकावर एक चढत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर पुढच्याने आधीच्याच्या कागदावर भरवसा ठेवला. सरकारी खरेदी दरकरारावर चालते. दर ठरवणारं खातं वेगळं, माल उतरवून घेणारं वेगळं, परवाना देणारं वेगळं. पिंपात कांडी बुडवण्याचं काम नेमकं कुणाचं, हे कुणाच्याच टेबलावर नव्हतं.

लेंटिन आयोगाने बोट ठेवलं ते या अख्ख्या साखळीवर. परवानाधारक, तपासणी करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा, दरकरार देण्यावर पकड असलेले उद्योग खात्यातले लोक, उत्पादक, व्यापारी, पुरवठादार, राज्याचं अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रिपदावरच्या व्यक्ती, यांच्यातलं देण्याघेण्याचं साटंलोटं अहवालाने उघड शब्दांत मांडलं. १९८८ मध्ये हे सगळं लोकांपुढे आलं आणि राज्याचं राजकारण चांगलंच हादरलं. तपशील तेव्हाच्या वर्तमानपत्रांत भरभरून आहेत, ते इथे उगाळत नाही.

मला त्या यादीतलं एक नाव जास्त बोचतं: तपासणी प्रयोगशाळा. बाकीच्यांच्या हातात सही होती, यांच्या हातात बाटली होती. दाखला बनवणं आणि तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, आणि ग्राहकाने घाई केली, नमुना ‘नेहमीच्याच पार्टीचा’ असला, की मागच्या लॉटचे आकडे दशांश चिन्हानंतर जरा इकडेतिकडे करून उतरवणारे महाभागही असतात. घनता प्रत्येक लॉटला १.२५८१, १.२५८३, १.२५८२ अशी ओळीने दिसायला लागली की मला आनंद होत नाही. खऱ्या ग्लिसरिनमध्ये पाण्याचा अंश थोडा हलतोच.

जे. जे. पहिलं नव्हतं

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध मुलांना पिता यावं म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. भेसळ वगैरे काही नव्हती, उघडपणे निवडलेला द्रावक होता; विषारी आहे का, हे फक्त तपासलं नव्हतं. शंभराहून अधिक माणसं गेली. औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवावं लागेल, हा १९३८ चा अमेरिकी कायदा त्यातून आला. म्हणजे जे. जे.च्या वेळी हे विष अर्धं शतक जुनं आणि पाठ्यपुस्तकातलं होतं. आपल्याकडेही मद्रासमध्ये १९७२ साली चौदा मुलं याच पदार्थाने गेली होती. त्यानंतर १९९८ मध्ये गुडगावात पुन्हा मुलं गेली.

हैतीत १९९५-९६ मध्ये तापाच्या सिरपने ऐंशीहून अधिक मुलं दगावली. तिथल्या ग्लिसरिनमध्ये पाव हिश्श्याच्या आसपास डायएथिलीन ग्लायकॉल होतं. माल चीनहून युरोपातल्या व्यापाऱ्यांमार्फत आलेला, कागदावर औषधी दर्जाचा. पनामात २००६ मध्ये तर पिंपावर मुळात ‘टीडी ग्लिसरिन’ लिहिलेलं होतं, म्हणजे ग्लिसरिनऐवजी चालणारा माल. हात बदलता बदलता ते ‘ग्लिसरिन’ झालं आणि दाखल्यावर शुद्धता ९९.५ टक्के आली. भायखळ्याची साखळी जिल्ह्याएवढी होती, ही तीन खंडांची. बाकी गोष्ट तीच.

पनामानंतर नियम एका मुद्द्यावर खरोखर बदलले. २००९ मध्ये अमेरिकी औषधकोशाने ग्लिसरिनमधल्या डायएथिलीन आणि एथिलीन ग्लायकॉलची चाचणी ‘ओळख’ या सदरात आणली. वरवर पाहता ही छपाईतली हलवाहलव. पण ओळखीची चाचणी औषध बनवणाऱ्याने स्वतः करायची असते, विकणाऱ्याच्या दाखल्यावर ती सोडून देता येत नाही. मर्यादा ०.१ टक्के. जे. जे.च्या मालात तिच्या १८५ पट होतं.

गाम्बियातल्या बालमृत्यूंनंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या सिरपांबद्दल इशारा दिला. १ जून २०२३ पासून आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधांना सरकारी प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. परदेशी जाणाऱ्या, हे शब्द पुन्हा वाचा. २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली आजारी मुलं जवळचं मोठं शहर म्हणून नागपूरला आणली जाऊ लागली. लघवी थांबलेली, मूत्रपिंडं गेलेली. वीसहून अधिक मुलं वाचली नाहीत. तमिळनाडूत बनलेल्या त्या खोकल्याच्या औषधात तिथल्याच सरकारी तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. यातला संशयित कच्चा माल प्रॉपिलीन ग्लायकॉल होता, ग्लिसरिन नव्हे, पण गोड-जाड-नितळ या कुळातलाच.

दारातलं पिंप

आज आमच्यासारख्या मध्यम कारखान्यात ग्लिसरिन उतरतं तेव्हा काय करायचं ते ठरलेलं आहे. सील आणि लॉट नंबर पिंपागणिक पाहायचे, दहातलं एक उघडून भागवायचं नाही. लांब काचेची नळी तळापर्यंत घालायची आणि वरचा, मधला, खालचा थर एकत्र उचलायचा. दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात खरे, पण इतक्या चिकट मालात नीट घुसळलं नसेल तर हलका वरच राहतो, आणि नुसता तळाचा नमुना चोख निघू शकतो. घनता आणि अपवर्तनांक दोन्ही घ्यायचे आणि दोन्हींतून निघणारी टक्केवारी शेजारी लिहायची. गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, असेल तर ०.१ टक्क्याचा निकाल त्यावर. नसेल तर पिंपागणिक टीएलसी आणि पक्क्या निकालासाठी नमुना बाहेर. तोवर पिंपावर पिवळं ‘तपासणीत’ लेबल.

अडचण येते ती छोट्या सिरपवाल्यांकडे. त्यांची खरेदी पाच-दहा पिंपांची, मूळ उत्पादक इतक्या कमी मालाच्या गिऱ्हाइकाला उभं करत नाही, म्हणून ते घेतात स्थानिक व्यापाऱ्याकडून. व्यापारी मोठं पिंप फोडून पन्नास किलोच्या कॅनमध्ये भरून देतो आणि मूळ दाखल्याची झेरॉक्स जोडतो. त्या कॅनचा त्या दाखल्याशी संबंध आहे हे फक्त व्यापाऱ्याच्या शब्दावर. गॅस क्रोमॅटोग्राफ लाखांत जातो, चालवायला माणूस लागतो, तो दर वर्षी नोकरी बदलतो. अशा ठिकाणी माझा आग्रह दोन गोष्टींचा असतो: फोडलेला माल औषधासाठी घ्यायचाच नाही, मूळ सीलचं पिंप परवडत नसेल तर तीन कारखान्यांनी मिळून घ्यावं, आणि टीएलसीच्या पट्ट्या, द्रावक, परमँगनेटची बाटली कच्च्या मालाच्या दारातच ठेवावी, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत नव्हे. पट्टीला तासभर लागतो. तेवढा वेळ ड्रायव्हर चहा पितो, आणि पावतीवर सही त्यानंतर होते.